मैयापाशी थांबलेला साज

ताई लोकहो, पहिलेच सांगते, मी असलं काही मानणारी नव्हती. गल्लीत कोणाच्या अंगात आलं की मी तोंड दाबून हसायची. शाळा आठवीपर्यंत, तीही हिंदीत... लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही जबलपूरला रांझीत राहतो. माझे सासरे, बाबूजी, फॅक्टरीतून रिटायर झाले तेव्हापासून कम्प्यूटरवर गाण्याचा साज बनवायचे. तबला, बासरी, पेटी — एकेक सूर माऊसनं पडद्यावर ठेवायचे. बटन दाबलं की कम्प्यूटर वाजवायचा अन् आपण त्याच्यासंगं गायचं. मिडी म्हणायचे त्याला. पडद्यावर एक लाल उभी रेघ सरकत जायची, जिथं रेघ पोहोचली तिथला सूर वाजायचा.

बाळ पोटात होतं तेव्हा त्यांनी बारशासाठी स्वतः पाळणा रचला. "माई नर्मदे, हलव पाळणा..." रोज दुपारी माझ्याकडून म्हणवून घ्यायचे. पण माझ्या तोंडात 'माई' बसेचना, हमेशा 'मैया' यायचं — इथं सगळे नर्मदा मैयाच म्हणतात ना! 'मैया' लांबायचं, साज पुढं निघून जायचा अन् मी मागं.

"अगं बेटा, माई म्हण, माई! मशीन कोणासाठी थांबत नाही."

"मग तुम्हीच थांबवा ना बाबूजी, मलाच काहून बदलवता?"

"वा रे सूनबाई! तुझ्या मैयासाठी साज लांबवला तर पाळणा सीधा भेडाघाटच्या धबधब्याला पोहोचेल!"

सासूबाई आतून ओरडायच्या, "पोरीला आराम करू द्या जी, पाय सुजले तिचे!"

बाळ व्हायच्या आधीच बाबूजी गेले. दुपारी झोपले ते उठलेच नाही.

पोरगी झाली ती एवढीशी. घरी आणली अन् दूधच ओढेना. तोंड लावायची, सोडायची, झोपून जायची... रडायचंही बळ नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत प्याली नाही तर भरती करा, नळीनं पाजावं लागेल. आमचे हे गाडी पाहायला गेले. मी पोरीला छातीशी धरून पुन्हा पुन्हा पाजून पाहत होती.

सासूबाई एकदम म्हणाल्या, "पोटात असताना रोज ऐकलं तिनं. चलो, ते गाणं लावू."

त्यांनीच कम्प्यूटर सुरू केला. रेघ निघाली. मी गायला लागली — गायली कसली, रडतच होती — अन् तोंडातून 'मैया'च निघालं...

अन् साज थांबला.

बंद नाही पडला हो! रेघ जागेवर उभी, अन् बासरीचा सूर तसाच धरलेला, जसं कोणी वाट पाहतं. मी 'नर्मदे' म्हटलं तशी रेघ निघाली. पुढच्या कडव्यात हुंदका आला, श्वासच मिळेना... पुन्हा थांबला. मी सावरली, तो चालला. सासूबाईंकडे पाहिलं तर त्यांनी पदर तोंडावर धरलेला.

"गात राहा बेटा," एवढंच म्हणाल्या.

अन् मला छातीला ओढ लागली. पोरगी पिऊन राहिली होती! पाळणा संपला तरी सोडेना. मग मूठ सैल करून झोपली. संध्याकाळी दाखवायला नेली, तिथंही प्याली. भरती करायची पाळी नाही आली.

यांना सांगितलं तर म्हणे, "पुराना कम्प्यूटर है, हँग हुआ होगा." मग स्वतः लावून पाहिलं, मी स्वयंपाकघरात असताना. रेघ सरसर गेली, कुठंच थांबली नाही. सूर सगळे बाबूजींनी ठेवले तसेच, 'माई'ला जागाही तेवढीच. आता तुम्हीच सांगा, हँग झालं तर दोनदा, अन् बरोबर मी अडखळली तिथंच?

सासूबाईंना विचारलं. त्या डाळ निवडत होत्या.

"तुला भीती वाटली का?"

"वाटली ना आई."

"मला नाही वाटली," म्हणाल्या, अन् खडे काढत राहिल्या.

आता पोरगी खिडकी धरून उभी राहते, सगळ्यांवर दादागिरी करते. तिच्या बारशाला बाया म्हणाल्या, बाबूजींचा साज लाव. मी नाही लावला, तशीच गायली. आजपर्यंत नाही लावला. हे चिडवतात, भुताला घाबरते म्हणून. बाबूजींना मी काहून घाबरू? जे झालं ते काय होतं, मला नाही कळलं, कोणाला कळत असेल तर सांगा. मला भीती दुसरीच आहे... मी बटन दाबलं, गायला लागली, अन् साज मला सोडून निघून गेला तर? मग या घरात मी कोणाला बाबूजी म्हणू?