न उघडलेला दवाखाना

पडीक इमारतींचे फोटो काढायचा मला नाद आहे. पोटासाठी लग्नांचे फोटो काढते. लग्नाच्या तारखा नसल्या की स्कूटर काढायची आणि बंद शाळा, ओस पडलेली गोदामं, ढासळलेली सरकारी क्वार्टर्स शोधत जुन्नर-आंबेगाव पालथं घालायचं.

मागच्या हिवाळ्यात डिंगोऱ्याच्या पुढे, डोंगरातल्या एका वाडीवर अशीच एक इमारत सापडली. दार नव्हतं. आत खिडकीतलं पिवळं ऊन थेट एका लोखंडी खाटेवर पडलं होतं. गादीवरचं प्लास्टिकसुद्धा कुणी काढलं नव्हतं, त्यावर शेळ्यांच्या लेंड्या. मी हरखून फोटो काढत सुटले.

"काय गावलं गं ताई?" बाहेर एक वयस्कर बाई उभी होती. नाचणी झोडपून आलेली, पदराला भुसा चिकटलेला.

"ऊन छान पडलंय," मी म्हणाले.

"ऊन व्हय." ती उंबऱ्याच्या आत आली नाही. "दवाखाना हाय त्यो. बांधला, खाट आणली, पर नर्स काय आली न्हाई. एक दिस उघडला न्हाई. माझी सून जीपमधी बाळंत झाली, डिंगोरं यायच्या आधीच. पोर रडलंच न्हाई."

कॅमेरा आपोआप खाली आला. तिला विचारूनच मी फोटो इंटरनेटवर टाकला आणि खाली तिची हकिकत लिहिली. कोण वाचतंय! 'काय लाईट आहे!' 'लोकेशन पाठवा.' ज्याच्या लग्नाची ऑर्डर मी घेतली होती, त्या मुलाचा तर फोनच आला. "मॅडम, प्री-वेडिंग तिथंच करू. एकदम पिक्चरसारखं वाटतंय."

"तिथं बाळंतपणं व्हायची होती," मी ओरडलेच. "तुमचं शूट दुसऱ्याकडून करून घ्या."

ऑर्डर गेली. जाऊ दे.

मग फोटोची मोठी प्रिंट काढून तालुक्याच्या कचेरीत गेले. साहेबांनी ती लांब धरून पाहिली. "वा! कुठला कॅमेरा वापरता?"

माझं डोकं तडकलं. "साहेब, नर्स कधी देताय?"

"पद रिक्त आहे. ते वरून भरतात. पण इमारत फारच वाईट दिसतेय, हे खरं. बघतो."

आणि त्यांनी खरंच बघितलं. उन्हाळ्यात मी पुन्हा वाडीवर गेले, तर भिंतींना गुलाबी रंग, नवं लोखंडी दार, दाराला कुलूप. वर तपासणीचे वार लिहिलेली कोरी करकरीत पाटी. किल्ली कुणाकडे, ते वाडीत एकालाही ठाऊक नव्हतं. इमारत वाईट दिसत होती, ती आता वाईट दिसत नव्हती. काम झालं!

मी रस्त्याकडेचा धोंडा उचलला आणि कुलपावर घातला. एकदा, दोनदा. तेवढ्यात ती बाई धावत आली आणि तिनं माझं मनगट धरलं.

"मोडू नको, बाई! तू जाशील निघून. उद्या इचारायला येतील ते आमाला."

धोंडा माझ्या हातून खाली पडला. रागानं मला रडू फुटलं.

ती पायरीवर बसली, मलाही बसवलं. "सुनंला परत दिस गेल्यात," ती म्हणाली. "आमी तिला खोडदला मावशीकडं ठिवलीय, बाळंत हुईस्तवर. तिकडं दवाखान्यात न्यायला गाडी तरी येळंवर मिळती."