पितळी पट्टीवरचं नाव

गुरांच्या दवाखान्यात मी ड्रेसर होतो, पण गावोगावी मला डॉक्टरच म्हणत. म्हशीच्या खुराला औषध लावता लावता कुणाच्या माळ्यावर काय पडलंय ते कळायचं. त्यातूनच मला जुन्या ठासणीच्या रिव्हॉल्वरांचा नाद लागला. काडतुसं येण्याआधीचं हे हत्यार. चक्राच्या प्रत्येक भोकात दारू भरायची, गोळी ठासायची, मागं तांब्याची बारकी टोपी बसवायची, मग कुठं बार. तोवर शत्रू जेवूनखाऊन झोपला असेल. पण खरी मजा पेटीत. आत हिरव्या बनातीचं मऊ अस्तर, रिव्हॉल्वरच्या आकाराचा खळगा, बाजूला गोळ्यांचा साचा, दारूची कुपी, टोप्यांची डबी. माझ्याकडे दोन रिव्हॉल्वर होते, दोन्ही पोलिसांना दाखवून ठेवलेले, आणि दोन्ही बिनपेटीचे. सगळे कप्पे भरलेली पेटी मी आयुष्यात एकदाच पाहिली आणि तिचं नुकसानही मीच केलं.

ती नांदूरघाटच्या माझ्या मित्राची. खंडेनवमीला त्याच्या घरी पाटावर विळे, कोयते, कुऱ्हाड मांडत आणि मधोमध ही पेटी. त्याचा पणजोबा हाडवैद्य. निजामाच्या फौजेतला एक अधिकारी घोड्यावरून पडला, त्याचा निखळलेला खांदा पणजोबानं बसवला, म्हणून खुशीनं मिळालेली ही पेटी. झाकणावर बोटभर पितळी पट्टी होती. तिच्यावर त्या अधिकाऱ्यानं पणजोबाचं नाव मोडी लिपीत कोरून घेतलंय, असं मित्र दरवर्षी सांगायचा. लहानपणी त्याच्या वडिलांनी ते वाचून दाखवलं होतं. पट्टी आता तव्यासारखी काळी, त्यामुळं लोक नुसती मान डोलवायचे.

एका वर्षी मी म्हणालो, "आठ दिवस दे मला. भिंगाखाली बघतो."

त्यानं दिली.

घरी बायको चिंचेनं हंडा उजळत होती. तिच्याच वाटीतली चिंच मी उचलली. मग मीठ, मग विटकरीचा भुगा, शेवटी दुकानातून बारीक पॉलिश पेपर. काळं निघालं तसे खाली ओरखडे दिसले. एवढी जुनी पेटी, ओरखडे असणारच, म्हणून तेही घासले. पट्टी अशी लखलखली की तिच्यात बघून दाढी करावी. कोपऱ्यात थोडंसं उरलं होतं, तिथं माझा हात थांबला. ओरखडे एका आडव्या रेघेखाली लटकलेले होते. मोडी लिहिणारे आधी रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहितात, हे मला माहीत होतं. तरी तो कोपराही मी घासला. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. अर्धं नाव दाखवायची लाज वाटली असावी.

पेटी फडक्यात बांधून बसनं गेलो. मित्र स्टँडवरच्या हॉटेलात चहा पीत होता, सोबत गावातले तिघं. त्यानं तिथंच फडकं सोडलं.

"नाव कुठंय?"

"नव्हतंच," मी म्हणालो. "असतं तर मला दिसलं नसतं का?"

भिंगवाला मी, संग्रहवाला मी. शंका कोण घेणार? तिघांतला किराणा दुकानदार म्हणाला, "म्हंजी तुझा पणजा खांदा बसवायला गेलता का पेटी उचलायला बे?"

सगळे हसले. मीही हसलो.

तेव्हापासून मित्राला मागून 'पेटीचोराचा पणतू' म्हणू लागले. पेटी पुन्हा पाटावर आली नाही. बैल आजारी पडला की मित्र मला बोलवायचा, चहा पाजायचा, त्या विषयावर मात्र एक शब्द नाही. अशी वीस-बावीस वर्षं गेली.

यंदा खंडेनवमीच्या सकाळी मी गेलो आणि एका दमात सांगून टाकलं. मित्र कोयत्यांना हळदकुंकू लावत होता. हात न थांबवता म्हणाला, "मला कशाला सांगतो? नाव होतं ते मला ठाऊकच हाय. ज्यांच्यापुढं बोललास त्यांला सांग."

"मग तेव्हा का बोलला नाहीस?"

"तुझ्यापुढं माझं कोण ऐकणार होतं बे?"

त्या तिघांतले दोघं वारलेत. उरला दुकानदार, त्याला ऐकू कमी येतं. तो स्टँडवरच सापडला. मी त्याच्या कानाशी वाकून बोललो.

"मोठ्यानं बोला, डॉक्टर."

दोनदा आवाज चढवूनही भागेना. तिसऱ्यांदा मी ओरडलो, "पेटीच्या पट्टीवर नाव होतं. मी घासून पुसलं. माझ्या मित्राचा पणजोबा चोर नव्हता." भजी तळणाऱ्यानं झारा वरच धरला. बसची वाट बघणारी माणसं वळून बघू लागली.

दुकानदारानं कानामागचा हात खाली घेतला. मग म्हणाला, "म्हंजी मी उगंच बोललो?"

"हो."

"आन् तुमी बी हसलात की."

"हो."

"लई वाईट, डॉक्टर." त्यानं काठी उचलली. "चला, त्याच्या घरी जाऊ."

आमच्यामागं पाच-सहा तरुण पोरंही निघाली. पेटीत रिव्हॉल्वर आहे म्हटल्यावर कोण मागं राहतं? मित्रानं आम्हाला दारात बघितलं, आत जाऊन दिवाणाखालून पेटी काढली आणि पोरांना हाडवैद्याची गोष्ट सांगितली.

"पण कशावरून, आबा?" एका पोरानं विचारलं.

मित्रानं माझ्याकडं बोट केलं. "ह्याला इचारा. पुसणारा ह्योच हाय."

मग मी खाली बसलो आणि सगळं परत सांगितलं, चिंचेपासून.