डोंगर दिसेल तिथेच लेक

"डोंगर कुठं आहे इथं?" टेमघरच्या आमच्या चाळीत खोली बघायला आलेल्या मावशींनी खिडकी उघडून आधी हे विचारलं. पाण्याचं नंतर. समोर लूमच्या कारखान्याची भिंत. मी म्हटलं, "हाच आमचा डोंगर, बघून घ्या." हसल्या आणि राहिल्या. दोन हजार चार-पाचची गोष्ट असेल.

त्या साल्हेरच्या डोंगराच्या पायथ्याच्या. सासर अलीकडे महाराष्ट्रात, माहेर पलीकडे गुजरातेत, डांगात. "लग्न झालं तरी डोंगर तोच. आधी पाठ बघायचे, मग पोट बघायला लागले," असं सांगायच्या. नवरा गेल्यावर लेकीला घेऊन इथे आल्या आणि धामणकर नाक्याजवळच्या कारखान्यात लूमसाठी सुताच्या कांड्या भरायला लागल्या. सटाण्याची डाळिंबं, आहव्याची नागली... ऐकून ऐकून माझे कान किटले. तुमच्याही शेजारी असं एखादं माणूस असेलच.

त्यांचा हट्ट एकच. लेक द्यायची, तर डोंगर दिसेल तिथेच. आणि पोरीच्या मनात भरला नेमका जवळच्या शेलार गावातला माझा पुतण्या. मुलगा गुणी, घरची शेती. तरी दोन महिने मावशींचं नाहीच. मी चिडले. "अहो, पोरीचं लग्न डोंगराशी लावताय का?"

"ताई, माहेरची आठवण आली तर तिनं बघायचं कुठं?"



शेवटी मावशीच म्हणाल्या, "त्याला एकदा साल्हेरवर नेऊ." सगळे गेलो. अर्ध्या वाटेतच मला धाप लागून खाली बसायची वेळ आली, पन्नाशीच्या मावशी मात्र सगळ्यांच्या पुढे. माथ्यावर त्यांनी पुतण्याला विचारलं, "तुमचं शेलार कुठं दिसतं इथून?"

मी हात उचललाच होता. कुठेही बोट दाखवलं असतं. पण हा म्हणतो, "न्हाय दिसत, मावशी. लय लांब हाय."

मी कपाळावर हात मारला. झालं, सोयरीक मोडली.

 पण मावशी म्हणाल्या, "पोरगा खोटं बोलत नाही. देते."

लग्न थाटात झालं. आठ दिवसांत मावशींनी खोली रिकामी केली आणि डोंगराखालच्या आपल्या गावी निघाल्या. मला रागच आला. "लेक शेलारला, रिक्षाच्या अंतरावर, आणि तुम्ही कुठे चाललात?"

"मी इथंच राहिले, तर पोरगी माहेरी कुठं जाईल, ताई?"

दिवाळीला आमची सून माहेरी निघाली. एसटीच्या खिडकीतला तिचा तो फुललेला चेहरा बघितला आणि मला मावशींची फार आठवण आली.