पापड लाल निघाले तवा

दुसरबीडच्या हॉटेलवाल्या शेठनं तळलेला पापड माह्या हातावर ठेवला.

"मावशी, हा पापड हाय का वीट? गिऱ्हाइकानं ताट सरकवून देल्लं. सगळी ऑर्डर रिजेक्ट."

पापड खरंच लालभडक होता. घाईघाईत आम्ही एकबी तळून पाह्यला नव्हता. तोंडात टाकला तर साबनावानी कडू.

"शेठ, चार दिवस द्या. दुसरे करून देतो."

"दोन देतो."

मी आमच्या बचत गटाची अध्यक्ष. सही तेवढी येते. बचत गट म्हंजे दहा बाया दर महिन्याले थोडं थोडं टाकतात, त्यातूनच एकमेकीची नड भागवतात. मंग बँकबी कर्ज देते. आम्ही त्यातून पापडाचं काम धरलं. त्याच्या आंधी उन्हाळ्यात हाताले कामच नसे. घरात दाना नसे तवा "आज उपास हाय" म्हून लेकरायले सांगून निजवलं हाय म्या. ऑर्डर गेली म्हंजे काय जाते, ते मले मालूम होतं.

घरी आली तर बायायनं आंधीच निकाल लावेल होता.

"शोभीनं केलं हे," कांताबाई म्हने. "पाळीत असून पीठ तिंबलं तिनं. विटाळशीचा हात लागला का पापड लाल होते. माह्या सासूनं सांगेल हाय."

शोभा भिंतीले टेकून उभी. नवरा गेलेला, दोन पोरी पदरात. गटाबिगर तिले दुसरा आधार नव्हता.

"होती का व तू बाहेरची?" म्या इचारलं.

"हो मावशी. घरी बसली असती तर रोज बुडाला असता."

"पाह्यलं? सोताच कबूल झाली. काढा तिले," कांताबाई म्हने.

मीबी ते मानतच आली होती. त्या दिवसात गोठ्याजवळ बसून जल्म काढला. पन ती साबनाची चव काही जिभेवरून जाईना. विटाळाले चव कशी असन?

"सरका साऱ्या," मी म्हनली. "मी एकटी करते. माही पाळी बंद होऊन जमाना झाला."

उडदाचं पीठ, मीठ, मिरे, हिंग, अन् नेहमीसारखा मूठभर पापडखार. हा खार टाकला का पापड फुलते. पहिले त्याचे खडे येत. भिजवून गाळले का अर्धी माती खाली राहे. औंदा साखरखेर्ड्याच्या बाजारातून पांढरी साफ पावडर आनली होती. मूठ मातर जुनीच.

लाटला, उन्हात कडक वाळवला, तळला. लाल!

"कांता, आता कोनाचा विटाळ?"

"मले काय मालूम बाप्पा."

मंग खार अर्धा केला. "आज बाहेरची कोन हाय?" म्या इचारलं. मंग कांताबाईच्या सुनेनं हळूच हात वर केला.

"काऊन व, मले सांगतलं नाही?" कांताबाई खेकसली.

"सांगतलं असतं तर तुमी येऊ देल्लं असतं का आत्याबाई?"

तिच्याच हातानं पीठ तिंबलं. पापड निघाला पांढराशुभ्र.

चूक माह्या मुठीची होती: बिगरमातीचा खार, तेवढ्याच मुठीत दुप्पट पडला. तसं शोभाले साऱ्यायसमोर सांगतलं. कांताबाईनं लाटनं शोभाच्या हाती देल्लं अन् सरकून जागा केली. दोन दिवसात ऑर्डर पोचली. शेठनं एक पापड खाल्ला, दुसरा मांगतला.

आता गटात काटा आनला हाय, खार तोलूनच टाकतो. काटा महाग पडला. पन शोभाले काढलं असतं, तर बाईबी गेली असती अन् पापडबी लालच निघत राह्यले असते.