मला ताईचा आवाज जमत नाही

थांबा, तुमच्या मनात काय आहे ते आधी मीच ओळखतो. कबुली म्हटल्यावर तुम्ही जरा पुढे सरकून बसलात. पोरीची भानगड असेल, नाहीतर कुणाचं पाकीट मारलं असेल — असंच ना? सॉरी हं. माझ्या गोष्टीत एक सातवीतली मुलगी आहे, तिची शाळा आहे आणि काही फोन आहेत. बस. कंटाळा आला असेल तर जा खुशाल. मी तर म्हणतो जाच. कारण हे मी आजपर्यंत कोणाजवळ बोललेलो नाही, आणि तुमच्याजवळ तरी बोलावं का, ते अजून ठरत नाहीये. तुम्ही कुठे बोलणार नाही कशावरून?

बघा, सुरुवातच संशयाने झाली. पुढेही तसंच आहे.

मी नकला करतो. मूळचा कुडाळचा, शाळा तिथलीच, आता भांडुपला ताईच्या घरी राहतो. अंधेरीच्या स्टुडिओत कार्टूनमधल्या बेडकांना, उंदरांना आवाज देतो. काम नसलं की मुलुंड-घाटकोपरच्या वाढदिवसांना माइक धरतो. आवाज एकदा कानात गेला की घशात येऊन बसतो माझ्या. सोसायटीचे सेक्रेटरी, मासळीवाली, बिघडलेली लिफ्ट — काय म्हणाल ते. आठवीत असताना हेडमास्तरांच्या आवाजात माइकवरून शाळा सोडून दिली होती. अर्धी पोरं घरी. मार खाल्ला, भरपूर खाल्ला. त्या चुकीतून शिकलो काय? तर पुढच्या वेळी दार लावून घ्यायचं.

सगळ्यांचे आवाज काढायचो, ताईचा सोडून. पाहुणे आले की कोणीतरी म्हणायचंच, आता ताईची नक्कल कर. मी कान पकडायचो. "नाही हो, ताईचा आवाज मला जमतच नाही. ओरिजिनल पीस आहे तो." ताई लाजायची. मला एक बांगडा जास्त वाढायची.

खरं सांगू? सगळ्यात भारी मला तोच जमायचा. त्याच आवाजाच्या शिव्या खात तर मोठा झालो. पण तो मी ताई घरात नसतानाच काढायचो — इरासाठी. इरा म्हणजे ताईची मुलगी, माझी भाची. हसून हसून पलंगावरून खाली पडायची. मग तिलाही शिकवला. आईचा आवाज हा तिचा हुकमी एक्का झाला. घरी करायची, वर्गात करायची, बाईंसमोरसुद्धा करून दाखवला होता. हे लक्षात ठेवा. मीही ठेवलं होतं. गोची तिथेच आहे.

त्या वर्षी इराच्या वर्गाला नवीन बाई आल्या. पेडणेकर बाई. पहिल्याच पालकसभेत त्यांनी सांगून टाकलं — मुलांना चुकू द्या. वही विसरली, विसरू दे. डबा विसरली, मैत्रिणीचा खाईल एक दिवस. मागून धावत घेऊन येऊ नका, फोन करून सबबी सांगू नका. दर शुक्रवारी शेवटचा तास म्हणजे चुकांचा तास. ज्याची चूक त्याने उभं राहून स्वतः सांगायची, आता काय करणार तेही सांगायचं. शिक्षा नाही.

शिक्षा नाही? मला तिथेच वास आला. आमच्या कुडाळला मास्तर "ये बाळा, मारत नाही" म्हणाले की पोरं मागच्या मागे पळायची. ही बाई आज गोड बोलून सगळं काढून घेणार आणि वर्षाच्या शेवटी वापरणार, माझी खात्रीच झाली. ताईला मात्र पटलं. भाऊजी बोटीवर, सहा-सहा महिने समुद्रात, घर ती एकटी चालवते. तिने मला बजावलं, "हे बघ, तिच्यामागे पळायचं नाही. पडू दे, उठू दे."

मी म्हटलं हो. मी पटकन हो म्हणतो.

इराची शाळा दुपारची. ताई आठला ऑफिसला जायची, मग घरात आम्ही दोघंच. ताईचा जुना फोन फ्रिजवर पडलेला असायचा. गॅसवाला, दूधवाला, शाळा, सगळ्यांकडे तोच नंबर. एक दिवस इराच्या लक्षात आलं की भित्तिपत्रकाचं पान आज द्यायचंय आणि आपण एक ओळसुद्धा लिहिलेली नाही. रडायलाच लागली. शुक्रवार होता. सगळ्यांसमोर उभं राहायचं तिला नको होतं. मला बघवेना... असं म्हणू का? नको. खरं म्हणजे माझ्या घशात खाज सुटली होती. एवढा भारी आवाज, आणि ऐकायला एकटी इरा!

फ्रिजवरचा फोन घेतला. "पेडणेकर बाई ना? मी इराची आई बोलतेय. काल पाहुणे आले हो अचानक, पान राहिलं तिचं. तिची नाही, माझी चूक आहे." बाई म्हणाल्या, बरं, सोमवारी आणू दे. फोन ठेवला आणि आम्ही दोघं घरभर नाचलो.

दुसऱ्या वेळी विज्ञानाचा तक्ता. बोलता बोलता मागे कुकरची शिट्टी झाली. बाई थांबल्या. "तुम्ही ऑफिसात असता ना यावेळी?" मी म्हटलं, आज उशिरा निघतेय. त्या म्हणाल्या, "बरं." नुसतं बरं. त्या एका बरंवर मी आठवडाभर विचार करत होतो. कळलं असेल का? कळलं असेल तर बोलत का नाहीत? इराला विचारायचो, बाई काही म्हणाल्या? कशा बघतात तुझ्याकडे? ती म्हणायची, "मामा, तू ना फार डाउट घेतोस." खरं तर तेव्हाच थांबायला हवं होतं. मी काय केलं? पुढच्या वेळी आधी गॅस बंद केला.

आता येतो मुद्द्यावर. इतका वेळ इकडेतिकडे फिरवलं तुम्हाला, कळलंच असेल.

स्नेहसंमेलनाच्या नाटकात इरा सूत्रधार होती. सगळ्यात मोठं काम. आरशासमोर उभी राहून हातवारे करायची, झोपेत संवाद म्हणायची. पहिल्या दोन प्रवेशांचं पाठांतर घेणार होते त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, मीच तिला जुहूला घेऊन गेलो. गोळा खाल्ला, वाळूत लोळलो, पाठांतर राहिलं. सकाळी ती म्हणाली, "मी सांगते बाईंना, पाठ नाही झालं म्हणून. उद्या घेतील." ऐकलंत? ती स्वतः सांगणार होती. तिला जमायला लागलं होतं ते. मीच म्हटलं, थांब गं, मामा आहे ना.

यावेळी सबब मोठी हवी होती. बाई सावध झाल्या असणार, असं माझं गणित. आणि मग तोंडात आलं ते वाक्य.

आमचे बाबा आजारी होते तेव्हा ताई ऑफिसला फोन करायची. "बाबांना बरं नाहीये हो. मला आज... जरा... नाही जमणार." त्या 'आज' आणि 'जरा'च्या मध्ये तिचा श्वास अडकायचा. मी बाजूलाच बसलेला असायचो. बाबा गेले, वर्षं झाली. पण तो अडकलेला श्वास माझ्या कानात तसाच होता. नकलाकाराचा कान — काही फेकत नाही. मी तो तसाच्या तसा काढला. पेडणेकर बाईंना सांगितलं, माझ्या वडिलांना बरं नाहीये, इरा रात्रभर जागी होती, आज... जरा... सांभाळून घ्या. बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. म्हणाल्या, काळजी घ्या हो.

आणि मला काय वाटलं माहितीये? वाटलं, काय टेक दिला यार!

इरा यावेळी नाचली नाही. तिने फक्त विचारलं, "मामा, आजोबा तर..." मी म्हटलं, चल, डबा भर.

पुढची पालकसभा शनिवारी. ताईने इराबरोबर मलाही नेलं. बाई समोर आल्या, ताईचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "आता कसे आहेत तुमचे वडील?"

ताई म्हणाली, "माझे वडील?"

मी भिंतीवरचे तक्ते वाचायला लागलो. पानाचे भाग. देठ, शिरा, पाते. बाई सांगत होत्या, तुमचाच फोन होता, या नंबरवरून, सकाळी, तुमचाच आवाज. ताई त्या वेळी ऑफिसात असते. बाईंनी इराकडे बघितलं. मग ताईने इराकडे बघितलं. आईचा आवाज वर्गात कोण काढून दाखवतं, ते सगळ्यांना ठाऊक. पुरुषाकडे कोण बघणार?

तरी बाईंनी विचारलं. पक्की बाई. "मामा, तुम्ही घरी असता ना सकाळी?"

मी म्हटलं, "असतो हो. पण घोरत असतो." आणि घोरून दाखवलं. मागचे दोन पालक हसले.

हे — हेच ते. फोन नाही. फोन ही मस्ती होती, त्याच्यासाठी मी तुम्हाला इथपर्यंत बसवलं नसतं. ते घोरणं.

घरी येऊन ताईने चप्पलसुद्धा काढली नाही. दारातच विचारलं, "आजोबांचं नाव घेऊन खोटं बोललीस, इरा? माझ्या आवाजात?" इराने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, डोळ्यांनी काही सांगतही नव्हती. ती फक्त वाट बघत होती, मामाची पाळी आहे म्हणून. माझ्या डोक्यात काय चाललं होतं? भाडं. भांडुपात खोली घेऊन राहायची माझी ऐपत आहे का? ताईने बाहेर काढलं तर परत कुडाळ? एवढंच. आणि मी तोंड उघडलं ते असं — "जाऊ दे ना ताई. बाईच म्हणतात ना, मुलांना चुकू द्यावं. चुकीतूनच शिकतात."

इराने मान वळवली. म्हणाली, "सॉरी आई."

शुक्रवारी चुकांच्या तासाला ती उभी राहिली आणि फोन मीच केले म्हणून सांगितलं. आता काय करणार, तर म्हणाली, यापुढे कोणाचा आवाज काढणार नाही. बाईंनी शिक्षा केली नाही, दिलेला शब्द पाळला. मीच उगाच संशय घेत होतो त्यांच्यावर. पण सूत्रधाराचं काम इराने स्वतःहून सोडलं. मुलं म्हणायला लागली होती, ही कोणाच्याही आवाजात खोटं बोलते. संमेलनाच्या दिवशी ती पडद्याची दोरी ओढत होती. दुसरीच मुलगी बोलत होती आणि ही विंगेत उभी राहून ओठ हलवत होती. सगळे संवाद पाठ होते तिला. मी तिसऱ्या रांगेत होतो. बघितलं.

त्यानंतर इरा काही विसरत नाही. दप्तर आदल्या दिवशी भरलेलं. ताई कुडाळच्या मावशीला फोनवर सांगते, एकदा चुकली पण सुधारली गो पोर. मी बाजूला बसून मान हलवतो. मी फोन केला तर इरा आधी विचारते, "कोण?" स्क्रीनवर माझं नाव असतं, फोटो असतो, तरी विचारते. भाऊजींनी बोटीवरून फोन केला तरी विचारते. नक्कल ती करत नाही, आणि मी केली तर हसत नाही. तिने सांगितलं असेल का आईला? मला रोज वाटतं, सांगितलं असेल. ताईने जेवायला वाढताना जरा जास्त वेळ बघितलं तरी मी ताटात बघायला लागतो. पण नाही, इराने सांगितलेलं नाही. मी तिला ओळखतो. मी शिकवलेलं ती विसरत नाही.

आणि ओरडा. मला ओरडा बसलाच नाही असं समजू नका. पालकसभेच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी. ताई ओट्याशी बांगडे साफ करत होती, इरा बाहेरच्या खोलीत दप्तर भरत होती. मला आत बोलावलं. ताई चिडली की मालवणीत जाते.

"मेल्या, ह्यां सगळां तूच शिकवलंस तिका. दिवसभर घरात ह्याचो आवाज काढ, त्याचो आवाज काढ. पोरग्या दुसरां काय शिकतला? आजपासून माझ्या पोरीसमोर नकला बंद. कळला काय?"

मी मान खाली घातली. तिने सुरी धुतली, नळ बंद केला. मग हळू आवाजात, साध्या मराठीत म्हणाली, "तुझं काय, तू मोठा आहेस. तुला कळतं कुठे थांबायचं ते. बाबांच्या नावाने तू असलं कधी करणार नाहीस, माहितीये मला. आणि माझा आवाज तर तुला जमतही नाही." एवढं बोलून ती माझ्याकडे बघत राहिली. बाहेरच्या खोलीत दप्तराची चेन अर्ध्यावर थांबली होती.

"नाही ना रे जमत?"

मी म्हटलं, "नाही गं ताई."