निळ्या पत्र्याखालचे दोन मजले

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. शिरूरच्या त्या गल्लीत मी पाहणीला गेलोच नव्हतो.

भूकंप झाला तर कुठली घरं आधी पडतील, याचा नकाशा आम्ही करत होतो. उपग्रहाच्या फोटोवरून छपरं ओळखायची, बोरिंगच्या नोंदींवरून खालची जमीन ठरवायची आणि शंका असेल तिथं जाऊन दार वाजवायचं. मी राहायला दौंडला. तिथली पाहणी मी गल्लीगल्लीत फिरून केली. शिरूरला चौफुल्याला एसटी बदलून जावं लागे. त्या दिवशी ऊन फार होतं. मी घरीच थांबलो आणि फोटोत निळे पत्रे दिसले म्हणून लिहून टाकलं: एकमजली, हलकं छप्पर. जमिनीची नोंद जवळच्या शाळेच्या मैदानावरच्या बोरिंगची उचलली. कठीण मुरूम. गल्ली नकाशावर हिरवी, म्हणजे सुरक्षित, झाली. तारीख टाकून, 'प्रत्यक्ष पाहिले' असं लिहून मी सही केली.

दीड वर्षानं ओळखीच्या एकासाठी भाड्याची खोली बघायला त्याच गल्लीत गेलो. घरमालक आप्पा सत्तरीचे, अंगातल्या कोपरीतच बाहेर आले. त्यांच्यामागून मी जिना चढलो. पत्र्याखाली स्लॅब होता, स्लॅबखाली दोन मजले, आणि दर मजल्यावर रांजणगावच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांच्या खोल्या.

"मग वर हा पत्रा कशाला, आप्पा?"

"स्लॅब गळतोय. इथं समद्यांनीच टाकलेत."

"आणि खाली जमीन कशी आहे?"

"जमीन कुठली? खड्डा व्हता. वीटभट्टीवाल्यानं माती उचलून नेली, आम्ही राडारोडा टाकून भरला." मग हसले. "तुमी त्या नकाशावालं ना? तुमच्या दोस्तानं सांगितलं. वरनं बघता म्हणं. जरा वाकून बघितलं असतं तर आमची म्हातारीबी दिसली असती, चुलीपुढं."

आतून त्यांची बायको म्हणाली, "माझं नाव कशाला घेताय? च्या आणते, बसा साहेब."

आप्पा खुर्ची पुढं सरकवत म्हणाले, "तिसरा मजला चढवायचा इचार हाय. पोरगं नको म्हणत व्हतं. पर तुमच्या नकाशात गल्ली हिरवी निघाली, तवा गप बसलं. तुमी काय म्हणता?"

मी चहा प्यायलो. चांगला झालाय, असं काकूंना म्हणालो. आप्पांना काहीच म्हणालो नाही, आणि माझं गप्प राहणं त्यांनी होकार मानलं.

तिसरा मजला झाला. मागच्या महिन्यात मी रस्त्यावरूनच पाहिला. नव्या गॅलरीत एक बाई लेकराला भरवत होती. मी गाडी थांबवली नाही.

आपल्याकडं कुठं मोठा भूकंप होतो, असं स्वतःला पुष्कळ समजावलं. खरी भीती वेगळीच होती. एक नोंद खोटी निघाली की माझ्या सहीच्या सगळ्या तपासतील. आणि तशी ती एकच गल्ली नव्हती.

न पाहता सह्या केलेल्या गल्ल्यांची यादी मी अजून कार्यालयाला दिलेली नाही. तुमचं घर भरावावर आहे आणि हिरवा रंग मी न बघता दिला, हे आप्पांना त्यांच्या ओट्यावर बसून सांगायचंही राहिलं आहे.