होट्टेकिच्चुवाले सर

पुण्याहून आमच्या कानडी मुलखात आलेला, वरच्या खोलीतला भाडेकरू जगातल्या प्रत्येक माणसाशी त्याच्या पोटाकडे बघून बोलायचा. चेहरे त्याच्या लक्षात राहत नसत. कुणाला काय पचत नाही ते मात्र पक्कं राहायचं. माझ्या पुतण्याच्या लग्नात त्याने नवऱ्या मुलाला शुभेच्छा दिल्या आणि त्याच दमात विचारलं, पोट रोज साफ होतं ना? पुतण्या अजून त्याचं नाव काढू देत नाही.

नव्वदनंतरची ती वर्षं. मी चौथी शिकलेली, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून त्याने प्रयोगशाळेतलं आपलं काम असं सांगितलं की मला कळलं. आतड्यात असंख्य जंतू राहतात, बहुतेक गुणी. तिथला कारभार निरोपांवर चालतो आणि त्यातले काही निरोप चरबीच्या बारीक कणांचे असतात. एक निरोप सांगतो सूज आण, दुसरा सांगतो आता पुरे. काहींच्या पोटात 'पुरे' पोचतच नाही, मग गुणी जंतूंवरसुद्धा आतडं पेटून उठतं. जंतूंशिवाय वाढवलेल्या उंदरांना ती सूज येत नाही, हे सांगताना तो असा फुलायचा की जणू उंदीर त्याचे भाचे.

कानडी तो पुस्तकातून शिकला. दूधवाल्या अण्णाने काम विचारलं, तेव्हा होट्टे म्हणजे पोट, किच्चु म्हणजे आग, असं जुळवून याने सांगितलं की मी होट्टेकिच्चुवर औषध शोधतो. कानडीत होट्टेकिच्चु म्हणजे मत्सर. संध्याकाळपर्यंत राजाजीनगरच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना कळलं. समोरची लक्ष्मक्का जावेच्या मत्सराची तक्रार घेऊन जिना चढली. तिला किती वेळा होतं, त्याने गंभीरपणे विचारलं.

"मी नवी साडी नेसले की दर वेळी."

रक्त पडतं का, त्याने पुढे विचारलं. "अजून तितकं नाही, सर."

मी जिन्यातच होते. मी काही समजावायला गेले नाही.

पण त्याचं स्वतःचं आतडंही तसंच पेटलेलं होतं. आमच्या इथल्या शिवाजीनगरच्या बाजारात माझ्याबरोबर एकदाच आला आणि भाजीची पिशवी माझ्या हातात कोंबून संडास शोधत पळाला. डॉक्टर मोठं आतडं काढायचं म्हणत होते. हा मुदत मागत होता. तो 'पुरे'चा निरोप हाती लागला तर आतडं वाचेल, एवढीच त्याची आशा.

"कापून टाक," मी म्हणाले. "शोध दुसरा कुणी लावेल."

"लावेलच, अक्का. पण माझं आतडं तोवर थांबणार नाही." मग पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "मला भीती वाटते."

त्या थंडीत रक्त थांबेना, तेव्हा आतडं काढलं. पोटाला मळ साठवणारी पिशवी लागली. उंदीर दुसऱ्या कुणाच्या हाताखाली गेले, शोध अर्धाच राहिला.

अंगात ताकद आल्यावर एका रविवारी तो गावाबाहेर येलहंकाला जाणाऱ्या बसमध्ये बसला आणि शेवटच्या थांब्यापर्यंत गेला. तिथे काय काम होतं, मी विचारलं. काही नाही म्हणाला, नुसता खिडकीशी बसलो होतो, मध्ये एकदाही उतरावं लागलं नाही. मग वाटेतले द्राक्षांचे मळे कसे दिसतात ते मला सांगत बसला. ते मळे मी जन्मभर बघत आले होते. चुलीवरचा भात उतरवला आणि ऐकत बसले.